एक बोट खाली

वॉशिंग्टनच्या गॅरेजात भिंतीवर सात हँडलं,
खाटकाकडे शिंगं टांगावीत तशी.
एक रुंद, एक आखूड,
एक मागे वळून बघणारं,
एक तरण्या पोरांचं,
ज्याला धरलं की माणूस टाकीवर पालथाच पडतो.
"बघ नेलिदा, कुठलं आवडतं?"
मी म्हटलं, आवडीचं मला विचारू नकोस,
करंगळीला विचार.

करंगळीला मार्चपासून मुंग्या येतात.
ताकुआरेम्बोहून निघालं की तिसऱ्या पुलापर्यंत ती माझी असते,
पुढे तिला माझी ओळख राहत नाही.
जुनं हँडल खाली, लांब,
सगळा भार मनगटांवर
आणि मनगटं आधीच एकतीस हंगामांना देऊन टाकलेली:
गुडघ्यांत मेंढी, डाव्या हातात तिचा जबडा,
उजव्यात गुरगुरणारी कातर,
दिवसाला शंभर, कधी एकशेवीस.

आता कातरत नाही. पारखते.
या कुरणावरून त्या कुरणावर,
गठ्ठा उघडायचा, चिमटीत लोकर घ्यायची
आणि सांगायचं: ही बारीक, ही भरड,
ही मेंढी गेल्या हिवाळ्यात उपाशी होती.
एप्रिलमध्ये ओलिवेराकडे
भरडीला मी बारीक म्हटलं.
कुणी हसलं नाही. तेच जास्त लागलं.
फाटकाबाहेर येऊन करंगळी चावून पाहिली.
दातांना कळलं,
तिला नाही.

वॉशिंग्टनने कडू पाल्याचा चहा नळीसकट पुढे केला.
मग कोपऱ्यातला झाडू उचलून त्याचा दांडा उपसला.
"बस. पाय ठेव. डोळे मिट.
आता हात उचल
आणि कुठे ठेवायचे, याचा विचार करू नकोस."

तेवढंच अवघड.
माझे हात कामाशिवाय कधी हवेत राहिलेले नाहीत.
आधी ते खाली गेले, मेंढीच्या मानेशी.
"ती गेली," तो म्हणाला, "सोड तिला."
मग जरा वर आले. कोपरं सैल पडली.
खांदे कानांपासून खाली उतरले,
कधी चढून बसले होते कोण जाणे.
मुठी आपसूक वळल्या,
रिकाम्याच,
आणि कुठेच काही दुखेना.

त्याने दांडा मुठींखाली धरला.
फुटपट्टी, खडू, शीळ.
मग शीळ थांबली.

डावा हात एक बोट खाली.
उतरले, पुन्हा बसले, पुन्हा डोळे मिटले.
पुन्हा एक बोट खाली.

शाळेत बेरीज करताना मी हातचा एक विसरायचे.
बाई विचारायच्या, कुठे ठेवलास?
इथे होता, बाई.
डाव्या खांद्यात,
तडफडणाऱ्या जबड्यांच्या ओझ्याखाली.

"यातलं एकही बसणार नाही," वॉशिंग्टन म्हणाला,
"ही सगळी सरळ माणसांची."
तरी त्याने पाचवं काढलं, रुंद, थोडं मागे झुकलेलं,
नळीत वाळू ठासली, डावं टोक तापवलं,
शेगड्यात धरून हळू, फार हळू वाकवलं.
"दिसायला वाईट दिसेल हं."
"दिसू दे. मला काय नवरी म्हणून जायचंय?"
पैसे त्याने अर्धे घेतले, उरलेले लोकर विकल्यावर.

पेट्रोल भरणारा पोरगा मान तिरकी करून म्हणाला,
"हँडल वाकलंय, आजी. पडलात का कुठे?"
मी म्हटलं, भर गुपचूप.

पहिला पूल. निलगिरीची रांग. दुसरा.
तारेच्या कुंपणावरून टिटव्या शिव्या देत मागे लागल्या.
तिसरा पूल आला
आणि मी हळूच विचारलं, आहेस का?
आहे, म्हणाली.
चौथ्यालाही.
पाचव्यानंतर जरा कुरकुरली, गार वाऱ्यावरून,
अंगठीच्या जुन्या वळावरून,
घरातलंच माणूस कुरकुरावं तशी.

ओलिवेराच्या फाटकाशी हॉर्न वाजवला.
कुत्री आली, मागून तो आला,
खांद्यावर गठ्ठा, चेहऱ्यावर एप्रिल.
मी हातमोजा दातांनी ओढून काढला.