वाकवलेलं बोट

तीस वर्षं भूगोल शिकवला.
भिंतीवर नकाशा, समोर सहावी ब,
आणि आफ्रिकेच्या कुशीतून निसटलेल्या
त्या लांबोळक्या बेटावर माझं बोट :
हे मादागास्कर. लिहून घ्या.
तिथला कागद झिजून पांढरा पडला होता,
नैर्ऋत्य किनाऱ्याला माझ्या नखाचा व्रण.

आता त्या व्रणातच उतरले आहे
ट्रकच्या टपावर दोन दिवस हाडं खिळखिळी करून.
वेझू कोळ्यांचं गाव. वाळू, काटेरी रान,
आणि एक चिंच, आपल्याइतकीच आंबट.
मुलं ओरडतात, वझाहा, वझाहा!
परकी बाई आली.

सुआझाराच्या लाकानात बसले,
एकाच खोडातून कोरलेली होडी, कुशीला आधाराचा ओंडका.
टेकाडावर झुडपांत दगडांची रास दिसली.
"ते काय?" मी विचारलं,
सवयीनं, सरळ बोट करून.

त्सिरावूचं वल्हं थांबलं.
सुआझारानं माझं बोट हातात घेतलं
आणि दुमडलं,
चाकूचं पातं मिटावं तसं.
फादी, म्हणाली. असं नाही करायचं.
झोपलेत ना ते.
दाखवायचंच तर वाकवून दाखव, पेरानं.

थोरांपुढे वाकायचं असतं, हे मला ठाऊक होतं.
बोटालाही वाकता येतं
हे कुणी शिकवलं नव्हतं, मीही कुणाला नाही.

मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत
हेही बोट, आणि तुझी ही पाण्यावरची तीही बोट.
त्सिरावूनं दोनदा उलगडून सांगितल्यावर ती हसली :
मग दोन्ही जपून वळव.

दुसऱ्या दिवशी केस धुतले. दीड बादली.
संध्याकाळी कळलं, पाणी बैलगाडीनं येतं,
पिवळ्या कॅनमधून,
चार तासांवरच्या विहिरीचं.
कुणी काही बोललं नाही.
तेच लागलं.
ओल्या वाळूत एक कोंबडी चोच मारत राहिली
जणू मी तिथं काही पेरलंय.

आणि तरीही तिसऱ्या दिवशी म्हणालेच,
ऑक्टोपस खायचाय. पैसे देईन की.
"समुद्राचं दार लावलंय."
दार कसलं! एका काठीला लाल फडकं,
ओहोटीत उघडा पडलेला खडक,
आणि सगळ्या गावानं मिळून दिलेला शब्द.
कपारीत माद्या अंडी राखत बसल्यात, न खातापिता.
सुआझाराच्या ताटलीतही नुसता भात होता,
वर चिंचेचं पाणी.
माझी नोट तिनं नीट घडी घालून परत दिली.
उघडेल तेव्हा ये.

बोट दिलं की हात धरायचा,
ही प्रवाशांची जुनी खोड.
मी नोट खिशात ठेवली. उगाच खूप वेळ लागला त्याला.

उरलेले दिवस फार काही पाहिलं नाही.
जाळ्याची गाठ शिकले, चुकीची.
सकाळी एका तांब्यात तोंड, हात, पाय, सगळं.
कॅमेऱ्याची बॅटरी संपली,
चार्ज करायची आठवण झाली नाही
असं म्हणणार होते, पण खोटं आहे ते.
आठवण झाली होती. वीज नव्हती.

निघायच्या आदल्या रात्री
सुआझाराची नात रेमेझा वही घेऊन आली.
शाळेतून उतरवून घेतलेलं जग :
देश वाकडेतिकडे, समुद्र मात्र मन लावून रंगवलेला.
तुझं गाव कुठं?

मी हात पुढे केला
आणि बोट आपणहून वाकलं.
तिथल्या एका नदीत
माझ्याही माणसांची राख आहे.

पेराखाली अख्खा देश झाकला गेला.
नेमकं कुठं, ते तिला दिसेना.
तिनं माझं मनगट धरून हात जरा बाजूला केला
आणि कंदील जवळ ओढला.