बूच

डुलूथच्या चढावर, ऑक्टोबरच्या कोरड्या शनिवारी
मार्लिस कांगास गाडीखाली सरकली.
पाठीखाली फ्रीजचा उलगडलेला खोका,
छातीवर पाना.
फिरवला. उलटाच.
उताणं पडलं की डावं-उजवंही
ऐनवेळी दगा देतं.

मग सुटलं बूच. काळं, गरम तेल
मनगटावरून सरळ बाहीत.
तिने आजोबांची फिनिश शिवी हासडली,
अर्थ तिला कधीच ठाऊक नव्हता.

फिल्टर हलेना.
सँडपेपर झाला, जुना पट्टा झाला,
शेवटी नुसता राग.
राग लागू पडला.

नवं तेल मेपलच्या पाकाच्या रंगाचं.
नरसाळं धरून तिने सावकाश ओतलं,
चार लिटर, थेंब न सांडता.
आणि खाली कुणीतरी
आडोशाला उभं असल्यासारखा
तो बारीक आवाज.

बूच खिशात होतं.
पुसून, रुमालात गुंडाळून,
हरवू नये म्हणून.

समोरच्या ऑर्व्हिलने पाचोळा ओढता ओढता
सगळं पाहिलं होतं.
आत जाऊन सीलबंद डबा घेऊन आला,
पायरीवर ठेवला.
"माझे पाच गेले होते," एवढंच म्हणाला,
परत पाचोळ्याकडे.

दुसऱ्यांदा ओतण्याआधी
तिने खिसा चाचपला.
मग वाकून खाली पाहिलं.
मग पुन्हा खिसा.