डावा मनोरा

एरंडोल सुटलं की अर्ध्या तासात
केळीच्या पानांवरून एकच मनोरा दिसतो.
दुसऱ्याच्या जागी आभाळ आहे
आणि पायथ्याशी घाणेरीचं झुडूप.

तीन पायांचं स्कॅनर मांडलं.
ते गरगर फिरतं, न दिसणारी सुई टोचत जातं
विटेविटेला, चुन्याच्या फटीला,
कबुतराच्या अंगालासुद्धा.
चार कोटी ठिपके. ते निवडायचं काम नौशाद पिंजारीकडे.
त्याचा आजा कापूस पिंजायचा.
हा म्हणतो, घराण्याचंच काम आहे आमचं,
उडणारं गोळा करायचं.

पहिल्या दिवशी ठिपके जुळेनात.
उजव्याच्या टोकाला दोन कडा,
बोटभर अंतरानं.
सॉफ्टवेअर म्हणालं: वस्तू हलली आहे, पुन्हा मोजा.
पुन्हा मोजलं.
वस्तू पुन्हा हलली.
हबीब मिस्त्री मशिदीच्या पायरीवर तंबाखू मळत होते.
"हालस म्हणीसन तर उभा शे," म्हणाले
आणि यंत्राकडे पाठ करून बसले.

डाव्यासाठी युक्ती सोपी होती.
उजवा निवडायचा, मिरर दाबायचं.
दोन सेकंदांत जोडी पुरी.
मी कौतुकानं लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला.
मिस्त्रींनी चष्मा पुसला. परत पुसला.
"हाऊ तो नही."

डाव्याचा जिना एका पायरीनं कमी होता.
वरच्या झरोक्यात एक वीट उलटी बसलेली.
पोरं पैज लावून चढायची,
अंधारात तिच्या खाचेत हात गेला
की कळायचं, आलं टोक.

आरशात ती खाच नव्हती.

मग छोटं स्कॅनर हातात घेऊन घरोघर हिंडलो.
मनोरा पडला तेव्हा गाव दोन दिवस नुसतं बघत राहिलं होतं,
तिसऱ्या दिवशी पाट्या घेऊन आलं.
ठगुबाईंच्या चुलीत सात विटा, वरून पोतेरं फिरवलेलं.
"लई जाशी का?"
नाही मावशी, फक्त बघणार.
त्यांनी भाकरी उतरवली, विस्तव मागे ओढला,
यंत्राला पाटावर बसायची जागा केली.
रुस्तुम भिलाच्या गोठ्यात दावणीखाली अकरा.
शाळेच्या पाणपोईत नक्षीचा तुकडा,
त्यावर कुणाचं तरी पाढ्यांचं गणित.
देवळाच्या ओट्यात चार, एकीला शेंदूर.

आता पडद्यावर डावा मनोरा उभा आहे,
बराचसा हवेचा.
जिथलं ठाऊक नाही तिथे राखाडी सोडलंय.
मध्येच काजळी धरलेल्या सात विटा,
मध्येच शेणाचा हात, शेंदराचा ठिपका,
सात नव्वे त्रेसष्ट.
पुण्याहून साहेबांचा फोन आला:
रंग एकसारखा करून पाठवा, दुरुस्तीच्या फाइलला जोडायचंय.
हो म्हटलं.
अजून केलेला नाही.

उलटी वीट सापडली नाही.

निघायच्या दिवशी मिस्त्री स्वतःहून आले.
बराच वेळ वाकून पाहिलं.
मग एक बोट पडद्याच्या पाठीला लावून
हळूच ढकललं.
बिजागरीवर मनोरा डुलला,
पुढे, मागे, किंचित पुढे.
"हां," म्हणाले,
"आते सांग, चढानं कथाईन?"