खर्जाची खरेदी

"बच्चे के लिए दिखाऊं, आंटी?"
जेल रोडच्या दुकानात लालवानीचा मुलगा विचारतो.
नाही, म्हणते, माझ्यासाठी.
तो पंखा वाढवतो, जणू मला भोवळच आलीये.

एकतीस वर्षं आकाशवाणीत व्हायोलिन.
गाणाऱ्याच्या मागोमाग, अर्ध्या श्वासावर,
त्यानं घेतलेली जागा
त्याचे शब्द गाळून परत करायची.
निवृत्तीला शाल मिळाली. मानेचा पट्टा आधीच होता.

मग गेल्या वैशाखात, मोघ्यांच्या लग्नात,
स्टेजच्या कोपऱ्यातल्या एका पोराची वायर निखळली.
बास गिटार गप्प. दोन आवर्तनं, फार तर तीन.
गाणारी गात होती, ढोलक चालू,
दिवे, धूर, सगळं जागच्या जागी;
तरी नाचणाऱ्यांचे पाय
जिन्यात एक पायरी कमी निघावी तसे पडले.
काय गेलं ते कुणाला कळलं नाही.
मला कळलं. रसमलाई हातातच राहिली.

भिंतीवर चार टांगलेल्या.
पहिली इतकी लांब की डावा हात
परक्या गावी गेल्यासारखा वाटतो.
दुसरी साडेचार किलो. पट्टा खांद्यावर चढवला
आणि डॉक्टर पुराणिक आठवले.
तिसरी आखूड, विटकरी, सेकंडहँड,
मागे पट्ट्याच्या बकलाचे ओरखडे.
कुणी विकली? "नोकरी लगी उसकी, पुणे में."

मुलगा हुशार. म्हणतो, व्हायोलिनवाली हैं तो
बिनपडद्याची घ्या ना. मींड निघेल, सगळं निघेल.
निघेल रे.
पण मी जन्मभर कोऱ्या पट्टीवर
अंधारात स्विच शोधावा तशी गंधाराची जागा शोधली,
रोज, नव्यानं, आणि रोज थोडी चुकून.
आता अठ्ठावन्नाव्या वर्षी
पितळेची एक आडवी रेघ मला म्हणू दे: इथे.
पडद्यांचीच दे.

तारा गुळगुळीत हव्यात. करकर नको,
ती गजाच्या राळेत पुष्कळ झाली.
अँप्लिफायर शंभर वॅटचा नको. पंधराचा पुरे.
"आंटी, स्टेज पे सुनाई नहीं देगा."
स्टेज कुठे आहे? रामबागेत दुसरा मजला आहे,
खाली पोतनीस आहेत.
भाव करताना माझा आवाज वरच्या पट्टीत जातो,
सवय. बाराशे कमी झाले. वायर फुकट.

घरी.
माझ्या जुन्या तारा सा-प, सा-प.
हिच्या सगळ्या मध्यमाच्या अंतरावर:
सा, म, कोमल नि, कोमल ग.
बोटं पंचमाकडे धावतात, रिकामी परततात.
उजव्या हाताला गज सापडत नाही;
तो थोडा वेळ हवेतच वरखाली होतो,
बंद पडलेल्या दुकानाशी थांबणाऱ्या माणसासारखा.

चौथ्या दिवशी भाचीनं पेटीवर
सा-ग-प धरून ठेवला. नुसता. हलायचं नाही, म्हटलं.
मी खाली सा वाजवला: दिवाळी.
मग सा सोडला, त्याखालचा धैवत धरला.
पेटीवरची तीच तीन बोटं, तोच भाता,
आणि खोलीतून कुणीतरी गावाला गेलं.
"मी काहीच नाही केलं," भाची म्हणाली.
खरंच नव्हतं केलं.

एकतीस वर्षं मी माणसांच्या मागून चालले.
पायाखालूनही चालता येतं
हे कुणी बोललं कसं नाही?

रात्री साडेनऊला बेल.
पोतनीसबाई, पदराला हात पुसत.
मी तोंडाशी माफी तयार ठेवलेली.
"अहो, तो मघाचा सूर,
तो वाजला की आमच्या फळीवरचं काहीतरी गुणगुणतं.
काय ते सापडत नाहीये.
मी खाली उभी राहते.
तुम्ही जरा
एकेक करत वाजवा."