केसभर

पहिल्या बाराला बोल्ट उघडला, पण कुरकुरत.
दुसऱ्याला तळहाताने खालून ठोसा दिला, तेव्हा कुठे.
तिसरा मी उडवलाच नाही.

कुह्मोच्या अलीकडची वाळूची खाण, ऑगस्ट,
रात्रीचे नऊ वाजले तरी उन्हाचा पाय निघत नव्हता.
आर्वी म्हणाला, "हिवाळ्यात भरलेली दारू, इर्या,
उन्हात माजते. सावलीत ठेव आणि परत बघ."
मी दोन्ही रिकामी काडतुसं खिशात टाकली.
मांडीला चटका बसला, तो घरापर्यंत पुरला.

तळघरात, बाबांच्या दिव्याखाली, भिंग लावून वाचायला बसले.
प्रायमरची गोलाई गेलेली,
ओल्या चुन्यावर अंगठा टेकावा तसा सपाट.
बुडावर एक चकचकीत ठिपका,
कारखान्याच्या नावातलं एक अक्षर अर्धं गिळलेला.
पितळ बोलत नाही. चुगली मात्र करतं.

आता संशय कोणाकोणावर घ्यायचा?
दारूवर? डबा तोच, बाबांनी तारीख घातलेला.
तराजूवर? वजन ठेवून पाहिलं, काटा शून्यावर शहाण्यासारखा उभा.
गोळीवर? नळीवर? माझ्यावर?
उरलेली अठरा काडतुसं मी हातोडीत घालून आपटली,
एकेकीचं पोट रिकामं केलं, तोललं.
सगळी सारखी. रतीचा फरक नाही.
म्हाताऱ्याने चोख भरली होती.
मला हायसं वाटलं, आणि लगेच राग आला,
कारण मग दोष कुठे?

मध्यरात्रीनंतर कॅलिपर हातात घेतला,
खरं तर झोप येत नव्हती म्हणून.
पंचावन्न मिलिमीटर असायला हवं तिथे
पंचावन्न आणि वर केसभर.
दुसरं, तिसरं, अकरावं. केसभर, केसभर.

पितळ प्रत्येक बाराला जरासं लांबतं.
मान पुढे सरकते, कोठीच्या टोकाला टेकते,
आणि गोळीला असं आवळून धरते
की सुटायच्या क्षणी तिला सुटता येत नाही.
म्हणून छाटायचं असतं. हे मला बाबांनीच शिकवलं,
मी नऊ वर्षांची, पायाखाली खोकं घेऊन उभी.

खोक्याच्या झाकणावर त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा:
प्रत्येक बाराला एक रेघ, प्रत्येक छाटणीला एक गोल.
रेघ रेघ रेघ गोल. रेघ रेघ रेघ गोल.
मग तीन वर्षांपूर्वीच्या शरदात गोल संपतात.
रेघा चालूच. वाकड्या होत गेलेल्या.

तराजू थरथरत्या हाताची वाट बघतो.
छाटणीचं पातं बघत नाही.

त्याच शरदात ते कॉफीचा मग दोन्ही हातांनी धरू लागले.
थंडी आहे, म्हणालो आम्ही.
त्यांनीही तेच म्हटलं.

ती दोन काडतुसं मी पकडीने चेचली,
पुन्हा कोणाच्या हाती लागायला नकोत.
बाकीची लावली यंत्राला. दांडा घट्ट झाला होता, तेल घातलं.
पहिल्या काडतुसाच्या तोंडाशी
पितळेचं एक बारीक वेटोळं निघालं,
नखावर घेतलं तर दिसेना.

सकाळी आर्वीचा फोन. "काय निघालं?"
"लांबी," मी म्हटलं.
"एवढंच?"
हुक्का दारापाशी उभा राहून कण्हत होता, त्याला बाहेर जायचं होतं.
झाकणावर गोल काढायला पेन्सिल सापडत नव्हती.