चारला या

साहेब मंगळवेढ्याला गेलेत, शिपाई म्हणाला, चारला या.
घड्याळात एक वाजून दहा.
पिशवीत पतसंस्थेची तीन वर्षांची दप्तरं,
अर्धी बाटली कोमट पाणी,
आणि या शहरात ओळखीचं कुणी नाही.

रस्ता मी निवडला नाही, सावलीनं निवडला.
एप्रिलच्या दुपारी सोलापुरात
सावली म्हणजे भिंतीच्या पायाशी वीतभर काठ.
ती वळली तिकडं मी वळले,
सायकलवाल्याच्या ताडपत्रीखालून,
स्वतःच्याच खुर्चीत झोपलेल्या न्हाव्यासमोरून,
बंद गिरणीच्या न संपणाऱ्या भिंतीकडेनं.
एवढं उंच धुराडं,
आणि सावली त्याच्या पायापुरती.
तोंडातून धुराऐवजी पिंपळ.

कुठंतरी शेंगदाणे कुटत होते.
लसूण आणि तिखट
माझ्या चार पावलं पुढं चालत राहिलं.

मग माग ऐकू आले,
अख्ख्या गल्लीला थंडी भरून
दात वाजावेत तसे.
उंबऱ्यावर तेलुगू, पोरांच्या भांडणात कानडी,
आणि माझ्यासाठी मराठी:
"कुठं जायचंय ओ बाई?"
कुठंच नाही, म्हटलं.
"मग बसा की. कुठंच जायचं नाही तर उन्हात कशाला?"

राजमणी येमूल. मांडीवर सूप,
सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं.
बोटांकडं ती बघतच नव्हती.
पंचवीस विड्यांचा कट्टा बांधून होईतो
तिनं मला पाणी दिलं, गाव विचारलं, पगार विचारला,
नवरा काय करतो विचारून
उत्तराआधीच म्हणाली, "असू द्या."

तोंड पुसायला टॉवेल दिला.
जाड, पांढरा, कडेला निळी विणलेली अक्षरं.
मला वाचता येईनात.
"कुणालाच येत नाही," ती म्हणाली. "बल्गेरियाचा माल."
डोंगरातलं कसलंसं हॉटेल, निम्मं वर्ष बर्फ.
आठशे नगांची ऑर्डर.
नमुन्याच्या कागदावर एक आर उलटा.
हिच्या नवऱ्याला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक.
रात्रभर बसून त्यानं जॅकार्डचे पुठ्ठे पुन्हा पाडले,
आर सरळ केला.
सगळा माल परत.
"त्यांच्यात तो उलटाच असतो म्हणं."

आत नरसय्या. मान वर न करता
हसला की खोकला,
मागाच्या आवाजात कळलं नाही.

मी एकवीस वर्षं
लोकांच्या वह्यांतले आकडे सरळ करते, लाल शाईनं.
त्यातले किती उलटेच...
हे मी तिथं बोलले नाही.
विचारलं, एकाचे किती?
"सहा वर्षं झाली ओ, संपतच नाहीत.
बारशाला देतो, मयताला देतो."
तीस रुपये पुढं केले.
नको म्हणाली नाही. ते मला आवडलं.

परतताना सावली रस्ता ओलांडून समोर गेलेली,
त्यामुळं आले ती वाट सापडलीच नाही.
ना न्हावी, ना ताडपत्री;
एक हौद, एक बंद टॉकीज,
भिंतीला टेकून ठेवलेली ढोलांची रांग.
चार वाजून वीस. साहेब आले होते.
सही दोन मिनिटांत झाली,
दप्तर न उघडता.

रात्रीच्या एस्टीत टॉवेल ओला करून मानेवर टाकला
आणि अंधारात अक्षरं चाचपत गेले.
त्या डोंगरातल्या गावातही
कुणाला तरी कुणी म्हणालं असेल, चारला या,
आणि तो निघाला असेल, खिशात हात घालून,
उन्हाची बाजू धरून.
खोलीवर गेल्यावर तोंड पुसेल.
त्याच्या टॉवेलवरचा आर उलटा असेल,
म्हणजे बरोबर.