हाताला हात

फोनवर त्यानं सरळच सांगितलं:
गुरुजी, वास्तुशांत आहे, कासारवडवली, एकोणिसावा मजला,
यजमान आम्ही दोघं.
भाऊ का, म्हटलं.
नाही, म्हणाला, आणि गप्प राहिला.
पंचांग बघून सांगतो, म्हटलं.

पंचांगात बघण्यासारखं काही नव्हतं.
आठ वर्षांमागे वर्तकनगरातल्या दोन बायकांना
याच खुर्चीवरून सांगितलं होतं, तिथी नाही.
तिथी होती.
द्वादशी, अनुराधा, सकाळी नऊपासून लख्ख.

तीन रात्री वडिलांच्या पोथ्या सोडून बसलो.
समासात त्यांच्या बारीक अक्षरात एके जागी:
'पत्नी नसल्यास सुपारी ठेवावी.'
सुपारी चालते.
शेकड्यांनी बसवल्या असतील मी पाटावर,
हात कधी अडखळला नाही.
आणि आता सुपारीच्या जागी
जिवंत माणूस बसतो म्हणतोय, तर झोप लागेना.

आमच्या कुटुंबाला विचारलं.
ती मेथी निवडत होती.
'पाट किती लागतात?'
'दोन.'
'मग माणसं दोनच आहेत ना,'
म्हणाली, आणि लसूण सोलायला दिला.

हेरंब मढवी, निरंजन दातीर.
दोघांची सोवळी कोरी, दुकानातल्या घड्या तशाच.
छतातल्या फवाऱ्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली,
होमाच्या धुरानं घरात पाऊस नको म्हणून.
हेरंबची आई बाळकुमहून आलेली, सोफ्याच्या कडेला, अर्धी टेकून.
निरंजनकडून कोणी नाही.
ऑफिसातली चार मुलं, चपला कुठं काढाव्यात
हे दारातच एकमेकांना विचारत.

संकल्प घेतला.
अस्माकं सकुटुंबानां सपरिवाराणाम्...
इथं काय गाळायचं, काय बदलायचं
ते घरून ठरवून आलो होतो.
काहीच बदलावं लागलं नाही.
इतकी वर्षं मीच हे शब्द
अर्ध्या अर्थानं म्हणत होतो.

अडलो ते नंतर, साध्या मराठीत.
आहुतीच्या वेळी तोंडात बसलेलं वाक्य:
वहिनी, हाताला हात लावा.
'व' म्हणून थांबलो.
पळीतलं तूप ठिबकत राहिलं.
तेव्हा सोफ्यावरून म्हातारी,
'भटजी, येवरा काय इचार करताव?
लाव रं बाला, त्याच्या हाताला हात लाव.'
त्यानं लावला.
स्वाहा म्हटलं.
आग जशी घेते तशी घेतलं तिनं.

उपरण्यांना गाठ मात्र मारली नाही.
खोटं कशाला सांगू.
दोन्ही टोकं हातात धरली, आणि सोडली.
तेवढं अजून जमलं नाही.

जेवणं झाल्यावर निरंजननं फाईल आणली.
मृत्युपत्रं. याचं त्याच्या नावे, त्याचं याच्या.
साक्षीदार दोन हवेत, एक वॉचमन तयार आहे.
अरे, आजच्या दिवशी?
आग्नेयेच्या फरशीखालचं सिमेंट ओलं आहे अजून,
मरणाचं नाव काढू नये.
तो म्हणाला, गुरुजी, तुमच्या बाकीच्या यजमानांना
हे न लिहिता मिळतं.
रागानं नाही. हप्त्याची तारीख सांगावी तसं.
हप्ता दोघांचा, कर्ज दोघांचं,
आणि बँकेच्या रकान्यात नातं: मित्र.

जन्मभर अग्नीला साक्षी ठेवत आलो.
बाकीच्यांकडे त्याचा शब्द पुरला.
इथं सही मागतात,
आणि अग्नीला लिहिता येत नाही.
पेन घेतलं. बोटांना तूप होतं,
कागदाच्या कडेला तेलकट अंगठा उमटला.
पत्ता चरई, ठाणे. व्यवसाय भिक्षुकी.

परतताना मेट्रोच्या खांबांखालून स्कूटर हळूहळू आणली.
वर्तकनगरचा फाटा आला, गेला.
आता जुनी डायरी काढून बसलोय.
त्यांचा नंबर आहे, पाणी सांडलेल्या पानावर.
शेवटचा आकडा, चष्मा दोनदा पुसला तरी,
एक आहे की सात
ते कळत नाही.